छापील नकाशे, जुने ॲटलास आणि वैशाखातली दुपार

काळी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वैशाख लागला की आमच्या हिंगणघाट तालुक्यात सकाळी अकरानंतर घराबाहेर पडायची सोय नसते. वावरातलं जे काही असेल ते पहाटे आटोपायचं, मग बारा ते पाच घरात. लाइट असली तर कूलर, नसली तर ओला पंचा. या पाच तासांत मी गेली तीस वर्षं एकच गोष्ट करत आलोय. फरशीवर पालथं पडायचं आणि वडिलांचा ॲटलास उघडायचा.

हा ॲटलास त्यांनी नागपूरला सीताबर्डीच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतला. केव्हा, ते मला ठाऊक नाही, मी शाळेत जायच्या आधीपासून तो घरात आहे. पुठ्ठा गेला, सुरुवातीची पानं गेली. आईने खळ करून त्याला खाकी कागदाचं कव्हर चढवलं, ते अजून टिकलंय. वडील चौथी शिकलेले. आयुष्यात सर्वांत लांब गेले ते तिरुपतीला. पण नॉर्वेचा किनारा ते न बघता पाटीवर काढायचे, सगळ्या खाचाखोचांसकट. त्या किनाऱ्याचं त्यांना फार वेड. "एवढ्या खाचा काऊन असतीन बाबू?" असं मला विचारायचे, आणि मला काही सांगता यायचं नाही. पुढे वर्गात कळलं की हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या, त्यांत समुद्र शिरला आणि फ्योर्ड तयार झाले. त्या दिवशी धावत घरी आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान उघडलं आणि एकेका खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं. "म्हंजे बर्फानं वखरलं म्हणा ना," म्हणाले. फ्योर्डची याहून चांगली व्याख्या मी आजवर कुठे वाचली नाही.

त्यांनी मला एक खेळ शिकवला, 'आपली ओळ' नावाचा. अमरावतीवर बोट ठेवायचं. २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं खाली. आता बोट न उचलता, आडवी रेघ न सोडता, पश्चिमेला निघायचं. जळगाव लागतं. मग नवसारी. खंबातच्या आखाताचं तोंड ओलांडलं की सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर वेरावळ. मग अरबी समुद्र, ओमानचा किनारा, अरबस्तानची वाळू. मक्का बोटाच्या थोडी वर राहते. तांबडा समुद्र, सुदान, नाईल, आणि नाईल मागे पडली की सहारा. इथे बोट चालवतच राहायचं. पिवळं, पुन्हा पिवळं, एक निळी रेघ नाही. लहानपणी या ठिकाणी मला खरोखर तहान लागायची. मी उठून माठातलं पाणी पिऊन यायचो आणि जिथे बोट सोडलं होतं तिथूनच पुढे निघायचो. सहारा संपतो तिथे अटलांटिकच्या काठावर मॉरितानियातलं नुआधिबू. वाळवंटातून लोहखनिज घेऊन येणाऱ्या दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या मालगाड्या या गावात येतात, हे मला फार पुढे कळलं. पण ते गाव आपल्या अमरावतीच्या ओळीत आहे, हे मी सात वर्षांचा असल्यापासून जाणतो. पुढे अटलांटिक, क्युबातलं ओल्गीन, मेक्सिकोतलं मेरिदा, मग प्रशांत महासागर. त्यात हवाई बेटांपैकी माउई. नंतर हनोई, लाओस, म्यानमार, बंगालचा उपसागर, ओडिशाचा किनारा, छत्तीसगड, नागपूरच्या खालून परत अमरावती.

या ओळीतलं एकही परदेशी गाव मी पाहिलेलं नाही. तरी रेडिओवर हनोईचं नाव आलं की आपल्याच ओळीतल्या कोणाची खबर आल्यासारखं वाटतं. हनोई आणि नागपूर यांच्या अक्षांशात तर जेमतेम आठवा हिस्सा अंशाचा फरक आहे.

वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदा मुलीने विचारलं, "बाबा, हा ॲटलास किती जुना आहे?" छपाईचं साल असलेलं पान कधीच गेलंय. आत पाहिलं तर महाराष्ट्राच्या पानावर गडचिरोली जिल्हा नाही, नुसता चंद्रपूर. बांगलादेश आहे. सिलोनऐवजी श्रीलंका आहे. व्हिएतनाम सगळा एकाच रंगात. आफ्रिकेत ऱ्होडेशिया आहे. कोणाला सालाचा अंदाज सांगता येईल का?

आणि तुमच्याकडे कोणते नकाशे आहेत, तुम्ही ते कसे बघता, तेही लिहा. सविस्तर लिहा, घाई नाही.

मोहफूल

वा! सकाळी धागा वाचला आणि स्वयंपाक बाजूला ठेवून बसले. जुन्या ॲटलासचं वय काढणं हा माझा आवडता उद्योग. माझ्याकडे असे सात आहेत, सगळे रद्दीतून वाचवलेले.

तुमच्या खुणांवरून सांगते. बांगलादेश आहे म्हणजे १९७१ नंतरचा. श्रीलंका हे नाव १९७२ चं. व्हिएतनाम जुलै १९७६ मध्ये एक झाला, म्हणजे त्याच्याही नंतरचा. ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे एप्रिल १९८० मध्ये झाला, तर त्याच्या आधीचा. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, ते यात बसतंच. तेव्हा १९७६ ते १९८० च्या दरम्यानचा.

आता एक काम करा. आफ्रिकेचं शिंग बघा, सोमालिया आणि इथिओपियाच्या मधे, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी. तिथे एक नखाएवढा तुकडा असेल. त्यावर काय लिहिलंय?

काळी_माती

भिंग आणलं. अक्षरं फार बारीक आहेत. 'फ्रेंच' दिसतंय, पुढे 'अफार आणि इसा' असं काहीसं.

मोहफूल

मग ठरलं! तो तुकडा जून १९७७ मध्ये जिबूती या नावाने स्वतंत्र झाला. तुमच्या ॲटलासमधलं जग जुलै १९७६ ते जून १९७७ या एका वर्षातलं आहे. संपादकांकडे बातमी पोचून छापखान्यातून पान बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे पुस्तक बाजारात थोडं उशिरा आलं असेल. पण आतलं जग त्याच वर्षाचं. मुलीला सांगा.

यातच मला छापील नकाशाची गोडी वाटते. तो एका वर्षी थांबतो आणि त्या वर्षाशी इमान राखतो. माझ्याकडच्या सगळ्यांत जुन्या ॲटलासमध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी आहे, जाड टाइपात. आमच्या सासऱ्यांना ते पान फार आवडायचं. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं. ते पान उघडून ते नुसते बघत बसायचे. काही बोलायचे नाहीत.

झेडपी_मास्तर

मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. भिंतीवरच्या मोठ्या नकाशांबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. कापडावर चिकटवलेले, खाली-वर लाकडी दांडी, गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर ठेवलेले. माझ्या शाळेत असे अकरा निघाले. चार वाळवीने खाल्ले होते. उरलेले सात उन्हात घालून, झटकून, पुन्हा भिंतीवर लावले.

मुलं त्यांच्याशी काय करतात ते बघण्यासारखं आहे. मधल्या सुट्टीत दोघं उभी राहतात, एक गावाचं नाव सांगतो आणि दुसरा शोधतो. हे मी शिकवलेलं नाही. आम्हीही हेच करायचो, आमच्या आधीचेही हेच करत असणार. शोधता शोधता जी इतर पन्नास नावं डोळ्यांखालून जातात, ती खरी कमाई. मागच्या आठवड्यात एका मुलीला 'टिटिकाका' सापडलं. दिवसभर सगळी शाळा तेच म्हणत होती.

एक प्रयोग सांगतो. जगाच्या नकाशावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. पोरं म्हणतात, केवढा देश! मग मी पृथ्वीगोल काढतो. त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून ग्रीनलंड गिरवायचं, कापायचं, आणि त्याच गोलावरच्या भारतावर ठेवायचं. ग्रीनलंड लहान निघतं. भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.६६ लाख. आफ्रिका तर ग्रीनलंडच्या चौदा पट. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी केला. होकायंत्राची दिशा धरून चाललं की नकाशावर सरळ रेघ यावी, ही खलाशांची गरज होती आणि ती त्याने भागवली. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणावे लागले. हे एकदा हाताने कापून पाहिलं की मूल कुठलाही नकाशा बघताना विचारतं, "गुरुजी, यात काय ताणलंय?" नकाशावाचनाचा अर्धा धडा इथेच होऊन जातो.

'ॲटलास' हे नावही त्याच मर्केटरचं. त्याच्या मृत्यूनंतर १५९५ मध्ये त्याच्या नकाशांचं पुस्तक निघालं, त्यावर हा शब्द होता.

टेम्पोवाला_वणी

सरळ सांगतो, मले कागदाचा नकाशा जमत नाही. मी टेम्पो चालवतो, कापसाच्या गाठी नेतो, सरकी नेतो. रात्री दोन वाजता आदिलाबादच्या आडरस्त्यावर कागद उलगडत बसू काय? फोन बोलते, "पुढे डावीकडे वळा", मी वळतो. एकदा पुलावरून पाणी चाललं होतं, तवा फोननंच दुसरा रस्ता दाखवला अन् मी सुखरूप घरी आलो. तुमचं सगळं वाचलं, बरं वाटलं वाचून, पण ज्याले खरंच कुठं जायचं हाय त्याले फोनच पायजे.

काळी_माती

टेम्पोवाले दादा, अगदी बरोबर. पोचायचं असेल तर फोनच. मीही नागपूरला दवाखान्यात जाताना फोनच लावतो. मी लिहितोय ते न जाणाऱ्याचं. ज्याला कुठे पोचायचं नाही, दुपार काढायची आहे आणि मन मात्र लांब जायला निघालंय, त्याचं.

फोनवर मला एक अडचण येते, ती सांगतो. दोन बोटांनी लहान-मोठं करत गेलं की अंतराचा अंदाज हातात बसत नाही. आता जे बोटभर होतं ते क्षणात हातभर होतं. कागदावर प्रमाण बदलत नाही. वडिलांचं बोट आणि भारताचं पान यांची इतकी ओळख होती की पेरांवर मोजून ते अंतर सांगायचे, "नागपूर ते कलकत्ता, अमुक पेरं." नदीची लांबी काढायची तर आईच्या डब्यातला दोरा. वळणावळणाने नदीवर दोरा लावत जायचा, मग तो सरळ करून खालच्या मोजपट्टीवर धरायचा. वर्धा नदी मी अशीच मोजलीय, मुलताईजवळच्या डोंगरापासून ते चपराळ्यापर्यंत, जिथे ती वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. दोरा चार ठिकाणी सुटला होता.

शीट_५५

धाग्याची वाट बघत होतो असंच म्हणायला हवं. सदस्यनाम कशावरून घेतलंय ते आता सांगतो.

ॲटलासमध्ये जग असतं. आपलं गाव बघायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना सगळे टोपोशीट म्हणतात. विदर्भाचा मोठा भाग ५५ क्रमांकाच्या चौकोनात येतो, २० ते २४ अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. नागपूर ५५ ओ मध्ये, अमरावती ५५ एच मध्ये, वर्धा आणि यवतमाळ ५५ एल मध्ये. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग. काळी_माती, तुमचं हिंगणघाट ५५ एल/१४ वर आहे. आता नवी मालिका निघाली आहे आणि तिचे क्रमांक वेगळे आहेत, पण जुन्या लोकांच्या तोंडी हेच बसलेत.

प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. माझी वीत या कागदावर साधारण अकरा किलोमीटर भरते. पूर्वी आजोबांची बंडी जितका वेळ घेई त्या हिशेबाने तीन तास. मी आजही तालुक्यातली अंतरं वितेत सांगतो, घरचे आता सरावले आहेत.

हे नकाशे वाचायला शिकलात की ते वाचताना पाय चालू लागतात. पिवळा रंग लागवडीचा, हिरवा जंगलाचा, तांबडे ठिपके म्हणजे घरं, तपकिरी रेघा समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दोन रेघांमधे वीस मीटर उंची. आमच्या वर्धेच्या मैदानी भागात या रेघा इतक्या लांब लांब असतात की कागद मोकळा वाटतो. आणि मेळघाटाची शीट उघडा, चिखलदरा-गाविलगडचा कडा. रेघा एकमेकींना चिकटून नुसता तपकिरी पट्टा झालाय. मी तो पट्टा आधी कागदावर चढलो आणि दहा वर्षांनी पायांनी. वरून दरी बघितली तेव्हा अनोळखी काहीच वाटलं नाही.

एक बारीक गोष्ट. आमच्या गावचा नाला या नकाशात काळ्या रेघेत आहे. निळ्या नाही. बारमाही पाण्याला निळा, पावसाळा सरल्यावर कोरड्या पडणाऱ्या पात्राला काळा, अशी रीत आहे. मी लहानपणी बापाला म्हणायचो, आपल्या नाल्याला निळा रंग द्यायला विसरले. तो म्हणायचा, "इसरले नाही. उन्हाळ्यात येऊन पाहून गेले."

आता तुमच्या हिंगणघाटची गोष्ट. भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, ते उचलायला माणसं, टेकडीमागून टेकडी, कन्याकुमारीच्या टोकापासून ७८ अंश रेखांशाच्या आसपास वर सरकत जाणारी त्रिकोणांची साखळी. ती उभी रेषा यवतमाळ शहराच्या जरा पश्चिमेने जाते. वीस वर्षं हे काम करत लॅम्बटन विदर्भापर्यंत आला आणि नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तुमच्याच गावात आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हातात घेऊन हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. ज्या शिखराला त्याचं नाव दिलं त्याची उंची काढणारे राधानाथ सिकदार, १८५२. सगळ्या जगाला एव्हरेस्ट माहीत आहे. ज्याने पहिला त्रिकोण मांडला तो आपल्या हिंगणघाटच्या मातीत आहे, हे आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

काळी_माती

मी हिंगणघाटात जन्मलो, इथेच म्हातारा होणार, आणि हे मला आज कळतंय. पेन सापडत नव्हतं तर कोळशाने भिंतीवर लिहून ठेवलं, ५५ एल/१४.

वडील असते तर आत्ता, या उन्हात, कबर बघायला निघाले असते.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातली, घरची कापसाची शेती. सासऱ्यांचा ॲटलास जुना, मुलीचा शाळेतला नवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायची मला सवय.

एके दिवशी मध्य आशियाचं पान निघालं. जुन्यात अरल समुद्र एक मोठा निळा डाग. नव्यात तिथे दोन-तीन निळ्या चिंध्या. मला वाटलं छपाईची चूक. मुलीने शोधून सांगितलं की चूक नाही. १९६० च्या सुमारास तो जगातला चौथ्या क्रमांकाचा सरोवर होता, ६८,००० चौरस किलोमीटर. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांनी वळवलं, आणि वळवलं कशासाठी तर कापसासाठी. आपल्या पऱ्हाटीसाठी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या कापसाचं सगळं आभाळाच्या भरवशावर आहे. पाणी असतं तर किती बरं, हे दरवर्षी म्हणतो. आणि तिकडे त्याच पिकाने समुद्र पिऊन टाकला. बातमीत वाचलं असतं तर विसरले असते. पण दोन पानं शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते जात नाही. निळ्या डागाएवढा कागद पिवळा झालाय, आणि माझं बोट त्याच्यावर आहे.

तेव्हापासून मी कापसाचा नकाशा मनात करत असते. मिसिसिपीचं खोरं, नाईलचा त्रिभुज प्रदेश, अमू दर्या, खामगाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. आमच्या काळ्या मातीचं नाव तेव्हा तिकडच्या बाजारात घेतलं जात होतं.

इहिरीवरची_माय

लिहिण्याची सवय नाही, मुलगा टाइप करून देतोय.

माझी आजी कधी शाळेत गेली नाही. मी चौथीत असताना जगाचा नकाशा काढत होते. ती शेजारी येऊन बसली. "हे निळं निळं काय हाय वं?" मी म्हटलं, समुद्र. "एवढं सारं?" हो. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी हाय जगात, अन् आपल्या इहिरीले काऊन नाही मंग?"

मी आज साठीला आले. कुठलाही नकाशा उघडला की आधी तो निळा रंग दिसतो आणि तिचा आवाज येतो.

मोहफूल

इहिरीवरच्या माय, तुम्ही लिहीत राहा. तुमच्या मुलालाही सांगा.

झेडपी_मास्तर

एक माहिती राहून गेली. कोलकात्याला राष्ट्रीय ॲटलास व थीमॅटिक नकाशा संस्था आहे, १९५६ पासूनची, प्राध्यापक एस. पी. चटर्जींनी उभी केलेली. त्यांनी दृष्टिहीनांसाठी ब्रेलमध्ये भारताचा ॲटलास काढला आहे, उठावाचा. माझ्या बहिणीचा मुलगा जन्मापासून बघू शकत नाही. त्याच्या हातात हा ॲटलास दिला तेव्हा त्याने भारताच्या कडेवरून पूर्ण एक फेरी मारली, कच्छपासून निघून कन्याकुमारीला वळसा घालून बंगालपर्यंत. मग विचारलं, "मामा, आपलं घर समुद्रापासून एवढं लांब आहे?" आपण सगळे बोट फिरवतो म्हणतो ना, त्याचं बोट खरंच फिरत होतं.

शीट_५५

थोडं कामाचं. जुने नकाशे जपायचे असतील तर चिकटपट्टी कधीही लावू नका. पाचेक वर्षांत ती पिवळी होते आणि शाई घेऊन निघते. घडीवर फाटलं असेल तर मागून मांजरपाटाची पट्टी, पातळ खळीने. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कसर लागते. वाळलेला कडुनिंबाचा पाला पानांत ठेवायचा आणि दर पोळ्याला बदलायचा. टोपोशीट शक्यतो घडी न घालता नळीत. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नव्या शीट पीडीएफमध्ये मिळतात. नागपूर-वर्ध्याला मोठ्या कागदावर छापून देणारी दुकानं आहेत.

पाण्याखालचं_गाव

चार दिवस धागा वाचतोय. लिहू की नको असं होत होतं.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. गोसीखुर्दच्या धरणात गेलं. पायाभरणी झाली १९८८ मध्ये, पण आम्हाला हलवलं त्याच्या फार नंतर. नवीन जागेत रस्ते सरळ आहेत, घरांना नंबर आहेत. पुनर्वसनाचं काय झालं, काय राहिलं, तो वेगळा विषय, तो इथे काढत नाही.

फोनच्या नकाशात आमच्या गावाच्या जागी निळं आहे. नुसतं निळं. नाव पण नाही. माझा मुलगा त्यालाच आपलं गाव समजतो.

तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडे जुनी टोपोशीट मिळाली. धरणाच्या आधीची. मी ती झेरॉक्स करून आणली, मग रंगीत प्रत मिळवली. कागद खाटेवर पसरला. गावाचं नाव छापलेलं. तांबड्या ठिपक्यांचा पुंजका. देवळाची खूण. बाजूला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, निळा, पाळीची रेघ ठळक. नदीकडे जाणारी पांदण तुटक रेघेत.

बाबांना चष्मा दिला. ऐंशी पार झालेत, फार बोलत नाहीत. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग बोलायला लागले. "ही पांदण. इथं बोरीचं झाड. इथून उजवीकडे आपलं वावर, त्याच्या धुऱ्यावर मोहाची तीन झाडं. हे देऊळ, अन् देवळामागं तुझी आत्या राहे." नकाशात यातलं निम्मंसुद्धा नाही. पण त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली होती, आणि जागा मिळाल्यावर बाकीचं सगळं त्यांच्याकडेच होतं. दीड तास बोलले. मुलगा बाजूला उभा राहून ऐकत होता. शेवटी बाबांनी पेन्सिल मागितली आणि आमच्या घराच्या ठिपक्याभोवती एक गोल काढला. हात हलत होता, गोल वाकडाच आला. मी तो तसाच ठेवलाय.

तुम्ही सगळे लांबचे देश बघता. मी घरबसल्या आमच्या गावाला जातो. दर रविवारी, बाबांना घेऊन.

एकच अडचण आहे. रंगीत प्रत आता घडीवर फाटू लागलीय, नेमकी गावावरून.

काळी_माती

दादा, काय लिहू. दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं.

शीट_५५

पाण्याखालचं_गाव, शीटचा क्रमांक व्यक्तिगत निरोपात कळवा. त्या भागाच्या जुन्या एक इंची शीट माझ्याकडे काही आहेत, एक मैलाला एक इंच प्रमाणाच्या. त्यांत तुमचं गाव असेल तर चांगल्या जाड कागदावर काढून देतो. तुमची फाटलेली मात्र टाकू नका, बाबांचा गोल तिच्यावर आहे. तिला मागून कापड लावायचं. ते मी करतो, पण पोस्टाने पाठवू नका. मी स्वतः येतो.

मोहफूल

मांजरपाट माझ्याकडून. धुऊन, कांजी काढून, इस्त्री करून ठेवते. नवीन कापड तसंच लावलं तर आटतं आणि कागदाला सुरकुत्या येतात.

टेम्पोवाला_वणी

पुढच्या हप्त्यात माह्या दोन खेपा भंडाऱ्याच्या हायेत. शीटवाले भाऊ, वर्धेवरून तुमाले घेतो. फोन लावून पोचवतो बरोबर.

पाण्याखालचं_गाव

या सगळे. पवनीच्या पुढे आलात की फोन करा, नवीन गावाचं नाव पाटीवर लहान अक्षरात आहे, चुकतं. बाबांना सांगितलंय. ते आत्तापासून विचारतायत, येणाऱ्या माणसाला नदीपलीकडची गावं माहीत आहेत का.

शीट_५५

शनिवारी निघतोय. एक इंची शीट सापडली, नदीच्या दोन्ही काठांची. नळीत गुंडाळून आणतो, घडी घालत नाही.

काळी_माती

मलाही हिंगणघाटच्या नाक्यावरून घ्या. वडिलांचा ॲटलास आणतो. तुमच्या बाबांना नॉर्वे दाखवायचाय.